इव्हेंट लॉगले मराठीत काय म्हनाव?

जिनिंगवाला:
हिंगणघाटकडच्या एका जिनिंगात वजनकाट्याचा अन् क्यामेऱ्याचा डेटा ठेवाले बारा डिस्कचा डबा हाय, अन् त्यात काय काय झालं ते तो सोताच तारीख-वेळेसंग लिहिते, तोच इव्हेंट लॉग. रातपाळीच्या पोऱ्यासाठी मी मराठीत कागद चिकटवला, त्यात 'क्लिअर लॉग'पुढं लिहिलं 'नोंदी मिटवणे'. रात्री बिघाडाचा पिवळा लाइट लागला, पोऱ्यानं कागद वाचला, त्याले वाटलं मिटवणे म्हंजे भांडण मिटवतेत तसं, झगडा खतम, दाबलं बटन. लाइट तं तसाच, अन् कोनती डिस्क कधीपासून कुरकुरत होती ते सारं साफ! चूक माहीच. मंग आता लॉगले काय लिहू? पुतण्या म्हनते ओंडका 😄

मास्तर:
पुतण्या अगदीच चुकला नाही. गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा, म्हणजे लॉग, बांधून तो जहाजावरून पाण्यात सोडत, ठरावीक वेळात किती गाठी सरकल्या त्यावरून वेग काढत आणि वहीत लिहीत. ती वही लॉगबुक. नॉट हे माप त्या गाठींचंच. मी 'रोजनिशी' सुचवतो.

पटवाऱ्याचा पोरगा:
नाही जमत सर. रोजनिशीत मानूस मनातलं लिहिते, तेही झोपाच्या आधी एकदा. सातबारा पाहा, आज जमीन कोनाच्या नावानं हाय ते सांगते, पन कशी आली ते गाव नमुना 6 मंधी, फेरफारात, नंबरवार. डब्याचा स्टेटस म्हंजे सातबारा अन् इव्हेंट लॉग म्हंजे फेरफार.

वर्धेकरीण:
भाऊ, उपमा भारी पण शब्द नको. फेरफार म्हणजे बदल. 'अमक्यानं लॉगिन केलं', 'बॅटरी तपासली' यात कसला फेरफार? निम्म्या ओळी तर नुसत्या माहितीच्या असतात. त्यापेक्षा आपलं जुन्या काळचं कोतवाल बुक जवळचं, गावात कोण जन्मला, कोण वारला, तारीख, बस. फरक एवढाच की तिथं पानं संपली की नवं बुक यायचं, डब्यात जागा ठरलेली असते, भरली की बहुतेक डबे जुन्यात जुनी ओळ टाकून देतात, म्हणून फाइल काढून दुसरीकडे ठेवायची. मी साधं 'घटनानोंद' लिहीन. आणि डब्याचं घड्याळ बघा हो, यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर, असलं तर रात्री 2:10 चा बिघाड आदल्या दिवशीच्या 20:40 ला दिसतो, मग बिचाऱ्या दुपारपाळीवाल्याला बोलणी.

जिनिंगवाला:
घटनानोंद पक्कं ताई. 'मिटवणे' काढून 'पुसून टाकणे' लिहिलं, खाली लाल पेननं 'इचारल्याशिवाय नाही'. सूचना भेटली हे सांगाच्या 'अॅक्नॉलेज' बटनापुढं 'पाहिलं' लिहिलं तं पोऱ्या इचारते, पाहिलं म्हंजे दुरुस्त झालं का जी?

वर्धेकरीण:
'पोच' लिहा. पोच दिली म्हणजे चिठ्ठी मिळाली, काम झालं असं कोणी समजत नाही.