मदत हवी आहे: आमचं काम दुसऱ्याच कंपनीच्या करारात टास्क ऑर्डर (करारांतर्गत कामाचा आदेश) काढून देऊन टाकलं. प्रोटेस्ट (अधिकृत हरकत) करता येईल का?

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या सरकारी कंत्राटांची माहिती असणारं कुणी इथे असेल तर कृपया लगेच लिहा, हातात वेळ फार थोडा आहे.

मेरीलँडमध्ये आमची छोटी कंपनी आहे. सरकारी कागदपत्रं आणि व्हिडिओ अंध व कर्णबधिर लोकांना वापरता येतील असे करून देणं, म्हणजे ज्याला कलम 508 चं काम म्हणतात, ते आम्ही करतो. एका केंद्रीय खात्याचं हे काम स्मॉल बिझनेस सेट-असाइडमधून (छोट्या कंपन्यांसाठी राखीव कामांतून) आम्हाला मिळालं होतं. प्राइम, म्हणजे सरकारशी थेट करार असलेले, आम्हीच, कुणाचे सब (उपकंत्राटदार) नाही. करार 30 सप्टेंबरला संपतोय. उन्हाळ्यात खात्याने सोर्सेस सॉट नोटीस (हे काम कोण करू शकेल याची चौकशी) काढली, आम्ही रीतसर उत्तर दिलं आणि आरएफपीची (प्रस्ताव मागवणाऱ्या कागदाची) वाट बघत होतो.

गेल्या गुरुवारी कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरची (खात्याचे करार करणाऱ्या अधिकाऱ्याची) ईमेल आली की आरएफपी निघणार नाही, गरज आधीच्या एका करारातून भागवली आहे. फोनवर खोदून विचारलं तेव्हा कळलं की खात्याची हेल्प डेस्क चालवणाऱ्या एका मोठ्या कंपनीकडे सिंगल अवॉर्ड आयडीआयक्यू (एकाच कंपनीला दिलेला, गरजेप्रमाणे ऑर्डर काढायचा करार) आहे, आणि त्याच्याखाली साधारण 24 लाख डॉलरची टास्क ऑर्डर काढून आमचं काम त्यांना दिलं. स्पर्धा नाही की सोल सोर्सचं (स्पर्धेशिवाय एकाच कंपनीला देण्याचं) जस्टिफिकेशन नाही.

त्या मूळ कराराची आरएफपी सॅम डॉट गव्ह या सरकारी कंत्राटांच्या साइटवर अजून आहे, ती मी वाचून काढली. स्कोपच्या (कामाच्या व्याप्तीच्या) परिच्छेदात तिकिटं घेणं, लॅपटॉप बसवणं, पासवर्ड, प्रिंटर, आणि शेवटी ‘व संबंधित आयटी साहाय्य सेवा’. सगळा डोलारा या शेवटच्या शब्दांवर उभा आहे. लेबर कॅटेगरीत (करारातल्या कर्मचाऱ्यांच्या प्रकारांत) हेल्प डेस्क टेक्निशियन आणि डेस्कटॉप सपोर्ट, बस. आमच्या कामाची एकही कॅटेगरी नाही. आणि आमचं काम काय असतं? स्कॅन केलेल्या पत्रकातल्या प्रत्येक तक्त्याला रांगा-स्तंभांचे टॅग लावायचे, वाचनाचा क्रम जुळवायचा, आलेखात काय दिसतं ते माणसाने शब्दांत लिहायचं, मग स्क्रीन रीडरवर पूर्ण ऐकून बघायचं. आमची मुख्य टेस्टर स्वतः जन्मांध आहे. तिने ऐकून पास केल्याशिवाय एक पीडीएफ बाहेर जात नाही. प्रिंटर दुरुस्तीशी याचा काय संबंध, मला खरंच कळत नाही.

ओळखीतल्या एका वकिलांनी सांगितलं की सिव्हिलियन (संरक्षणेतर) खात्यात 1 कोटी डॉलरच्या आतल्या टास्क ऑर्डरवर प्रोटेस्ट करता येत नाही, विषय संपला. खरंच संपला का? मुद्दा नेमका कोणता मांडायचा, बेकायदा सोल सोर्स की स्कोपबाहेरची ऑर्डर? प्रोटेस्टच्या मुदतीचे दहा दिवस कधीपासून मोजायचे? घरचे म्हणतात पाण्यात राहून माशाशी वैर नको, पुढे याच खात्याकडे कामं मागायची आहेत. पण गप्प बसलो तर उद्या कुठलंही काम कुठल्याही करारात टाकतील. हे मला पटत नाही.

पोटोमॅककाठी:
ताई, विषय संपलेला नाही. 1 कोटीची मर्यादा खरी आहे, पण कायद्यात तिथेच अपवाद आहे. टास्क ऑर्डर मूळ कराराचा स्कोप, मुदत किंवा कमाल रक्कम वाढवत असेल तर रक्कम कितीही असो, जीएओ (अमेरिकी संसदेची लेखापरीक्षण संस्था) प्रोटेस्ट ऐकतं. तुमचे दोन मुद्दे वेगळे नाहीतच. ऑर्डर स्कोपबाहेर ठरली की ते काम स्पर्धेशिवाय दिलं असं होतं, आणि 1984 च्या कॉम्पिटिशन इन कॉन्ट्रॅक्टिंग अ‍ॅक्टप्रमाणे त्याला सातांपैकी एखाद्या अपवादाचं लेखी जस्टिफिकेशन लागतं. ते नाहीच. ‘वेळेत नियोजन जमलं नाही’ हे कारण कायद्याने चालत नाही. म्हणून आधी स्कोप, त्यावर सोल सोर्स, असा क्रम ठेवा.

तुम्ही प्राइम आहात आणि सोर्सेस सॉटला उत्तर दिलंय, हे फार मोलाचं. सबकॉन्ट्रॅक्टरला जीएओ दारातच अडवतं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये पर्सिपियंट खटल्यात फेडरल सर्किट या अपील कोर्टाच्या पूर्ण पीठानेही तोच पवित्रा घेतला.

दहा दिवस कॅलेंडरचे, तुम्हाला कळलं किंवा कळायला हवं होतं तिथपासून. म्हणजे गुरुवारपासून. ईस्टर्न वेळेच्या साडेपाचनंतर फाइल केलं तर पुढचा दिवस धरतात. काम आपोआप थांबण्याचं, म्हणजे स्टेचं, घड्याळ मात्र वेगळं. ते ऑर्डर निघाल्याच्या तारखेपासून चालतं आणि जीएओची सूचना खात्याला दहा दिवसांत पोचावी लागते. ऑर्डर महिन्यापूर्वीची असेल तर प्रोटेस्ट वेळेत बसेल, पण स्टे मिळणार नाही. आजच ऑर्डरची तारीख लेखी मागा.

जुना_करारवाला:
वरचं सगळं बरोबर, पण ‘संबंधित सेवा’ या शब्दांना हलकं धरू नका. 1993 चा एटी अँड टी विरुद्ध विल्टेल निकाल वाचा. जीएसए या सरकारी खरेदी संस्थेच्या दूरसंचार करारात नंतर टी-3 सर्किटं (जास्त वेगाच्या लाइन) आणली. विल्टेल म्हणालं हे स्कोपबाहेर. फेडरल सर्किटने ऐकलं नाही. मूळ करार प्रचंड होता, तंत्रज्ञान सुधारत राहील हे त्यात गृहीतच होतं, त्यामुळे बोली लावणाऱ्यांना असा बदल अपेक्षित असायला हवा होता, असं कोर्टाचं म्हणणं.

प्रश्न एवढाच असतो: त्या हेल्प डेस्कच्या स्पर्धेत उतरलेल्या कंपनीला असं काम येईल याची कल्पना आरएफपी वाचून आली असती का? तुमचं उत्तर लेबर कॅटेगरीत आहे. दोन्ही यादी समोरासमोर ठेवा. टास्क ऑर्डरसाठी नव्या कॅटेगरी आणि नवे दर घालावे लागले असतील तर त्याहून चांगला पुरावा नाही. भावनिक भाग मागे ठेवा. टेस्टरबद्दल जरूर लिहा, पण काम कोणत्या प्रकारचं आहे हे दाखवायला.

सिल्व्हरस्प्रिंगची_मीनल:
आधी खात्याकडेच एजन्सी प्रोटेस्ट करा असं कुणी सांगेल. स्वस्त असतो, पण त्यांचा नकार आला की तिथला स्टे जातो, आणि तोवर जीएओच्या स्टेची मुदत बहुतेक उलटलेली असते. मी थेट जीएओला जाईन. कंपनी स्वतः अर्ज करू शकते, पण प्रोटेक्टिव्ह ऑर्डरखालची (गुप्त ठेवलेली) कागदपत्रं तुम्हाला दाखवत नाहीत, ती सहसा बाहेरच्या वकिलालाच बघता येतात. टास्क ऑर्डर वाचल्याशिवाय स्कोपचं भांडण लढणार कसं? जिंकलात तर जीएओ खर्चाची शिफारस करतं, आणि वकिलाच्या फीला असलेली ताशी 150 डॉलरची मर्यादा स्मॉल बिझनेसला लागू नाही.

वैराचं म्हणाल तर, 2024 या आर्थिक वर्षात प्रोटेस्ट करणाऱ्यांपैकी 52 टक्क्यांना काही ना काही पदरात पडलं, त्यात खात्यानेच निकालाआधी चूक दुरुस्त केल्याचीही प्रकरणं येतात. कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसर हे रोज बघतात. एसबीए या छोट्या उद्योगांच्या सरकारी संस्थेच्या प्रोक्युरमेंट सेंटर रिप्रेझेंटेटिव्हलाही कळवा, काम स्मॉल बिझनेसकडून काढून घेतलंय.

धागाकर्ती:
तिघांचेही मनापासून आभार. ऑर्डरची तारीख मागितली, ती गेल्या सोमवारची निघाली. म्हणजे स्टे अजून मिळू शकतो, पण मोजून काही दिवस. बिड प्रोटेस्टच करणाऱ्या एका वकीलबाईंशी उद्या सकाळी बोलणं ठरलंय. लेबर कॅटेगरींचा तक्ता आत्ता बनवायला घेतलाय. ऑर्डरमध्ये नवे दर घातलेत की नाही हे खातं जीएओला देईल त्या रिपोर्टआधी शोधायची काही सोय असेल तर आज रात्रीत सांगा.