मदत हवी आहे : नळाच्या पाण्याचा टीडीएस सकाळी ९०, संध्याकाळी ४८०. सॉफ्टनर घ्यावा का?

मुलुंडकर
मुलुंड पूर्वेला सात मजली इमारत, २८ फ्लॅट, साधारण १२० माणसं. महापालिकेचं पाणी पहाटे येतं, शिवाय सोसायटीची बोअरवेल आहे. हल्ली नळांवर पांढरे डाग, शॉवरची भोकं बुजलेली, साबणाला फेस नाही, गिझरची कॉइल गेली. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅम) मोजायच्या मीटरवर स्वयंपाकघरातला नळ सकाळी सातला ९०, संध्याकाळी सातला ४८० दाखवतो. बोअरचं पाणी १४००. गच्चीवर वापराची आणि फ्लशची अशा दोन टाक्या, पण दोन्ही एकाच पंपाने भरतात. दुकानदार म्हणतो, बाथरूमला सॉफ्टनर (फेस येऊ न देणारे क्षार काढणारं यंत्र) आणि स्वयंपाकघरात आरओ (पडद्यातून पाणी गाळून क्षार काढणारं यंत्र) बसवा. चौघांचं घर आहे. कोणते घ्यावेत?

पाना-टेफ्लॉन
सध्या काहीच घेऊ नका. भातसा, तानसा, वैतरणा म्हणजे धरणात साठलेलं पावसाचं पाणी. दगडात मुरत बसायला त्याला वेळच मिळत नाही, म्हणून ते सौम्य असतं. टीडीएस शंभराच्या आतबाहेर. मुंबईत नळाला मचूळ पाणी आलं, तर ते महापालिकेचं नसून इमारतीच्या आवारात मिसळलेलं असतं. आधी कुठे मिसळतंय ते शोधा.

संध्याकाळी एकाच वेळी तीन बाटल्या भरा: जमिनीखालची टाकी, गच्चीवरची वापराची टाकी, घरातला नळ. चौथी दुसऱ्या दिवशी पहाटे, पाणी चालू असताना महापालिकेच्या पाणी-मीटरजवळच्या इनलेटची, म्हणजे पाणी आवारात येतं त्या पाइपची. जिथे आकडा उडी मारतो तिथे दोष. खालची टाकी ८०-९० आणि गच्ची ४८० आली, तर वरच्या दोन टाक्यांना जोडणारा व्हॉल्व्ह उघडा आहे. खालच्याच टाकीत ४८० आलं, तर बोअरची लाइन तिच्यात सोडली आहे.

ब्युरेट
किती बोअर मिसळतंय तेही याच आकड्यांतून निघतं. (४८० − ९०) ÷ (१४०० − ९०) = ०.३. म्हणजे संध्याकाळच्या पाण्यात तीस टक्के बोअर.

पण टीडीएस म्हणजे हार्डनेस नव्हे. मीटर सगळे विरघळलेले क्षार मोजतो, मीठसुद्धा. फेस मारतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. (शाळेतला 'दुष्फेन' हा शब्द किती नेमका होता!) थेंबांची हार्डनेस किट घ्या. दिलेल्या खुणेपर्यंत पाणी, त्यात बफर आणि इंडिकेटर, मग ढवळत एकेक थेंब मोजायचा. वाइनसारखा लाल रंग निळा होईपर्यंत. लाल झाक पूर्ण जायला हवी, जांभळ्यावर थांबलात तर आकडा कमी येतो. एका थेंबाला किती पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) ते बाटलीवर लिहिलेलं असतं, किटगणिक बदलतं.

भारतीय मानक १०५०० प्रमाणे हार्डनेस २०० पर्यंत स्वीकार्य, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. टीडीएससाठी हेच आकडे ५०० आणि २०००. तुमचं ४८० कागदावर पास होतं, म्हणूनच कमिटी ऐकणार नाही. हार्डनेसचा आकडा घेऊन जा.

मुलुंडकर
धन्यवाद. इनलेट ८५, खालची टाकी ४७०, गच्ची ४८०, नळ ४८०. बोअरचा पाइप खालच्या टाकीत उघडतो, पातळी उतरली की फ्लोटने बोअरचा पंप आपोआप चालू होतो. हार्डनेस नळाला २४०, बोअरला ७००. आता तरी सॉफ्टनर?

गृहिणी७२
खालच्या टाकीत मॅग्नेटिक कंडिशनर टाकून चालणार नाही का? किंवा तुरटी?

ब्युरेट
तुरटीने गाळ बसतो, हार्डनेस हलत नाही. मॅग्नेटच्या आधी आणि नंतर किटने मोजा, थेंब तेवढेच लागतील.

सॉफ्टनरचा हिशेब असा: चौघांना रोज ५४० लिटर, दर लिटरमागे २४० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला १३० ग्रॅम हार्डनेस. एक लिटर रेझिन (सॉफ्टनरमधले कॅल्शियम धरणारे दाणे) व्यवहारात ५० ग्रॅमच्या आसपास धरतं. १० लिटरचं यंत्र तीन-चार दिवसांत भरतं. मग दीड किलो खडे मीठ पंधरा लिटर पाण्यात विरघळवून अर्ध्या तासात हळूहळू सोडायचं आणि खारट चव जाईपर्यंत धुवायचं. आठवड्यातून दोनदा. ज्यांच्याकडे हे बंद पडतं, त्यांच्याकडे मीठ घालायचा कंटाळा हेच कारण असतं. शिवाय टीडीएस उतरत नाही: कॅल्शियम गेलं की सोडियम येतं, २४० हार्डनेसला लिटरमागे साधारण ११० मिलिग्रॅम. रक्तदाबवाल्यांनी ते पाणी पिऊ नये.

पाना-टेफ्लॉन
खरा उपाय प्लंबिंगचा. माणशी १३५ लिटरच्या मानकात ४५ लिटर फ्लशचे असतात. १२० माणसांना दिवसाचे ५,४०० लिटर फक्त फ्लशला. म्हणजे बोअरचं पाणी जिथे कुणाला दिसत नाही तिथेच सगळं खपतं आणि महापालिकेच्या पाण्यावरचा भार तिसऱ्या हिश्शाने उतरतो. फ्लशची टाकी वेगळी आहेच, फक्त तिला वापराच्या लाइनवरून सोडवा.

बोअरचा पंप सात मजले चढवू शकत नसेल (बहुधा म्हणूनच तो खालच्या टाकीत सोडला), तर तळाशी २,००० लिटरची प्लास्टिकची टाकी ठेवून स्वतंत्र पंप आणि गच्चीपर्यंत स्वतंत्र राइझर (वर चढणारा पाइप) द्या. दिवसातून तीनदा भरली की झालं. बोअर तेवढं देतं का, ते २०० लिटरचा ड्रम किती मिनिटांत भरतो यावरून काढा. खालच्या टाकीत जाणारा बोअरचा पाइप कापून एंड प्लग लावा. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागणार नाही. गेट व्हॉल्व्हमध्ये क्षार बसले की पाकळी पूर्ण बसत नाही, आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की कुणीतरी तो उघडतोच.

आरओची गोष्टच नको. ८५ टीडीएसच्या पाण्याला आरओ म्हणजे चांगलं पाणी गटारात घालण्याचे पैसे. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० च्या खालच्या टीडीएसला आरओ वापरण्यावर बंदी घालायला सांगितलं होतं. जंतूंची शंका असेल तर सेडिमेंट (गाळाचा) फिल्टर आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) पुरे.

मुलुंडकर
कमिटीपुढे हेच ठेवतो. काम होईपर्यंत गिझरचं काय करू?

ब्युरेट
थर्मोस्टॅट ५०-५५ वर आणा. पाणी जितकं तापतं तितका चुना सुटून कॉइलला चिकटतो, साठच्या वर तर भराभर. एमसीबी बंद, इनलेट बंद, खालच्या प्लगने टाकी रिकामी, मग कॉइल जिच्यावर बसवलेली असते ती फ्लँज (तबकडी) उघडा. कॉइल कोमट पाण्यात, लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, तासभर, तारांची टोकं द्रावाबाहेर ठेवून. संडास साफ करायचं ॲसिड टाकीला लावू नका, आतला थर खातं. टाकीला गंजापासून वाचवणाऱ्या मॅग्नेशियमच्या ॲनोड रॉडची आतली तार दिसत असेल तर रॉड बदला आणि गॅस्केट नवीच बसवा, जुनी पुन्हा लावली की गळते. शॉवर अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी यात रात्रभर.

पाना-टेफ्लॉन
लाइन तोडल्यावर एक काम राहतं. बोअरचं पाणी खालच्या टाकीत होतं म्हणजे जंतूही असू शकतात. दोन्ही टाक्या धुवून घ्या, मग हजार लिटरला २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी टाका. तासाभराने नळाला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम आलं पाहिजे, ओटी किटने (क्लोरीन तपासायचे थेंब) पिवळी छटा दिसते. इनलेटलाच क्लोरीन शून्य आलं, तर दोष बाहेरच्या लाइनमध्ये. त्यासाठी महापालिकेच्या १९१६ या फोन नंबरवर तक्रार नोंदवा आणि वॉर्डाच्या माणसासमोर नमुना घ्या.