नुसतं ‘नाही म्हणायला शिकवा’ सांगून भागतं का?
(उंबरठा, कणखर आणि तळटीप ही चर्चेतल्यांची टोपणनावं.)

उंबरठा: ‘मुलांना ठाम नकार द्यायला शिकवलं की मित्रांच्या दबावाचा प्रश्नच उरत नाही. वाहवत जातात ती मुळातच कमकुवत,’ असं कणखर यांनी काल लिहिलंय. वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

कमकुवतपणाचा इथे काय संबंध? गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांचा २००५ सालचा प्रयोग बघा. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ. पिवळा दिवा लागल्यावर गाडी जितकी पुढे रेटाल तितके गुण जास्त, पण धडकलात तर गेले. सोबत समवयस्क असले की १३ ते १६ वर्षांची मुलं एकटं खेळताना घेतात त्याहून कितीतरी जास्त धोका पत्करत होती. चोविशीच्या पुढच्यांना सोबत कोणी असल्या-नसल्यानं फारसा फरक पडत नव्हता. पुढच्या प्रयोगांत तर मित्र बघताहेत एवढंच पुरलं, कोणाला आग्रहही करावा लागला नाही. मग ‘नाही’ म्हणायचं कोणाला?

कणखर: खेळातल्या गाडीवरून घरचं वळण ठरवायचं का? तेच स्टाइनबर्ग असंही दाखवतात की १४ ते १८ या वयात मित्रांपुढे टिकून राहायची ताकद वाढत जाते. वाढते तर ती घडवताही येते. ‘मेंदूच तसा असतो’ म्हणून आईबापांनी हात वर केले की मुलांना आयती सबब मिळते.

तळटीप: घडवता येते, पण भाषणं देऊन नाही. अमेरिकेत १९८३ पासून पोलीस शाळांमध्ये जाऊन ‘नाही म्हणा’ शिकवत होते. पुढच्या पाहण्यांत मुलांच्या व्यसनांवर त्याचा टिकाऊ परिणाम जवळपास दिसला नाही.

नकाराची तालीम करून घ्यायची तर नीट घ्या. वाक्य दोन शब्दांचं: ‘नको मला.’ कारण द्यायचं नाही, कारण दिलं की त्याला उत्तर येतं. ‘उद्या पेपर आहे’ म्हटलं की ‘एका झुरक्यानं काय होतंय?’ तेच वाक्य त्याच आवाजात दोनदा-तीनदा म्हणायचं आणि तिथून उठायचं. मुलं उठत नाहीत, तिथेच सगळं फसतं. थांबून राहिलं की चौथ्यांदा विचारलं जातंच.

याहून महत्त्वाचं म्हणजे जोडीदार. सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या रेषांची लांबी ओळखायच्या प्रयोगात बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत तेव्हा ज्याची परीक्षा चाललेली असे तोही अनेकदा मान डोलवायचा. गटातल्या एकानं जरी बरोबर उत्तर दिलं तरी हे मान डोलावणं एकदम घसरायचं. म्हणून जायच्या आधीच एका मित्राशी ठरवून ठेवायचं: तू निघालास की मी निघतो.

कणखर: जोडीदाराचं पटलं. पण खरं मूळ फोन आहे, ते कोणी बोलतच नाही. रात्री ग्रुपवर ‘कोण कोण येणार?’ पडतं आणि दहा मिनिटांत सगळे ‘हो’. रात्री फोन काढून घ्या, निम्मा दबाव तिथेच संपेल.

उंबरठा: काढून घेतलात तर अडचणीत सापडल्यावर ते पोर कळवणार कसं? आधी खुणेचा मेसेज ठरवून ठेवा, एखादं साधं अक्षर. ते आलं की पालकांनी मेसेज करायचा नाही, लगेच फोन लावायचा: ‘घरी काम निघालंय, घ्यायला येतोय.’ वाईटपणा पालकांनी घ्यायचा. आणि त्या रात्री एकही प्रश्न नाही. गाडीत बसल्याबसल्या उलटतपासणी सुरू झाली की पुढच्या वेळी ते अक्षर येत नाही.

कणखर: म्हणजे पोरानं काहीही करावं आणि बापानं मुकाट ड्रायव्हर व्हावं! याला लाड म्हणतात.

उंबरठा: लाड नाहीत हो! दारू प्यायलेल्या मित्राच्या मागे बसून येण्यापेक्षा त्यानं तुम्हाला बोलावलं, हे मोठं की तुमचा रुबाब मोठा? जाब दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारा. विचारूच नका असं कोण म्हणतंय?

तळटीप: ग्रुपचा मुद्दा मात्र कणखर यांचा बरोबर आहे. तिथे सगळ्यांसमोर ‘नाही’ लिहिलं की स्क्रीनशॉट फिरतो आणि चिडवणं आठवडाभर चालतं. ग्रुपवर गप्प राहायचं आणि ज्यानं बेत आखलाय त्याला एकट्याला कळवायचं: ‘मी येत नाहीये.’ आणि दहा ‘हो’ म्हणजे दहा जणांची इच्छा नव्हे. त्यातले कितीतरी आधीचे ‘हो’ बघून लिहिलेले असतात.

कणखर: बरं, खुणेचा मेसेज ठेवा. पण फोन रात्री घराबाहेर असेल तेव्हाच हातात, घरी आल्यावर बाहेरच्या खोलीत. यावर मी हटणार नाही.

उंबरठा: चालेल, पण मग तुमचाही फोन त्याच खोलीत ठेवा. आणि मूल बाहेर असेल त्या रात्री तो सायलेंटवर नको.