मदत हवी आहे: ओपिओंगो तळ्यावरून परतीचा शेवटचा दिवस

नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेर कॅनडातल्या अल्गॉन्क्विन पार्कात आम्ही तिघं एकाच कनूत (वल्ह्यांच्या अरुंद होडीत), लेक नऊ वर्षांची. शेवटचा मुक्काम ओपिओंगोच्या नॉर्थ आर्मला, म्हणजे तळ्याच्या उत्तरेकडच्या फाट्याला. तिथून तळ्याच्या दक्षिण टोकाला स्प्राउल बेपर्यंत वल्हवत यायचंय. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की हे तळं समुद्रासारखं खवळतं. गेल्या वर्षी लाट आत आली, पोरीची स्लीपिंग बॅग चिंब, आणि मी चहाच्या पातेल्याने पाणी उपसतोय! (बायकोला अजून हसू येतं. मला नाही.)

यंदा अंधारातच तंबू गुंडाळून उजाडताच पश्चिम काठ धरून निघावं, की सरळ वॉटर टॅक्सी (भाड्याची मोटरबोट) सांगून ठेवावी? पहाटेच्या धुक्यात लहान मूल घेऊन कोणी गेलंय का? आणि दवाने भिजलेला तंबू तसाच कोंबता का?