लेपा ब्रेना : सगळ्यांची गायिका, की सगळ्यांना रेकॉर्ड विकणारी?

माळरान
व्हिएन्नात आमच्या गोदामात सर्ब आहेत, बोस्नियाचे मुसलमान आहेत, क्रोएटही आहेत. नव्वदच्या दशकात युगोस्लाव्हिया फुटताना झालेल्या युद्धाचा विषय निघाला की डबे उचलून वेगवेगळ्या टेबलांवर जातात. लेपा ब्रेनाचं गाणं लागलं की मात्र सगळ्यांचे ओठ हलतात. तिला 'उडत्या चालींची बाई' म्हणून निकालात काढणं मला अन्यायाचं वाटतं.

मूळ नाव फाह्रेता याहिच. जन्म १९६० चा, बोस्नियातल्या तुझ्लाचा. वाढली ब्रच्कोत, मुसलमान घरात. १९८२ मध्ये 'स्लात्की ग्रेह' बँडबरोबर पहिली रेकॉर्ड आली. १९८९ ला 'युगोस्लोव्हेंका', म्हणजे युगोस्लाव्ह बाई, हे गाणं. सोबत बोस्निया, क्रोएशिया आणि माँटेनेग्रोचे तीन गायक. दोन वर्षांत देश फुटला. ती अजूनही स्वतःला युगोस्लाव्हच म्हणवते.

कृष्णाकाठ
साफ असहमत. युगोस्लाव्हियाच्या सहा प्रजासत्ताकांत रेकॉर्ड खपवायच्या तर एकतेचंच गाणं म्हणावं लागणार, त्यात धाडस कसलं? नोव्हेंबर १९९१ मध्ये क्रोएशियातलं वुकोवार सर्ब बाजूच्या हाती पडलं, शहराचा ढिगारा झाला. ७ डिसेंबरला हिचं बेलग्रेडमध्ये टेनिसपटू स्लोबोदान झिवोयिनोविचशी थाटात लग्न! पुढे युद्धकाळात ब्रच्कोत काढलेला, सर्ब सैन्याच्या गणवेशातला हिचा फोटो. २००९ मध्ये बोस्नियातल्या सारायेवो आणि क्रोएशियातल्या झाग्रेबच्या कार्यक्रमांना विरोध झाला तो उगाच नाही.

माळरान
बोस्नियाक, म्हणजे बोस्नियाच्या मुसलमान, मुलीनं सर्ब मुलाशी लग्न केलं, तेही नेमकं त्या वर्षी. मला तर त्यात हिंमत दिसते. ब्रच्कोत तिची माणसं अडकली होती. त्यांच्यासाठी गेले आणि सुरक्षिततेसाठी गणवेश घातला, असं तिचं म्हणणं आहे. आणि २००९ चे ते दोन्ही कार्यक्रम झालेच की, गर्दीत झाले.

कृष्णाकाठ
गर्दी हा पुरावा नव्हे. ज्यांची माणसं ब्रच्कोत मारली गेली, त्यांनी तो फोटो कोणत्या नजरेनं बघायचा?

सूरपेटी
दोघंही राजकारणातच अडकलात, गाण्याबद्दल कुणीच बोलेना. अ‍ॅकॉर्डियनवरचं हे 'नवरचित लोकसंगीत' खेड्यातून शहरात कामाला आलेल्यांचं होतं. शिकलेल्या वर्गानं त्याला कायम नाकं मुरडली. सत्तरच्या दशकात तर सरकारनं असल्या रेकॉर्डवर 'हलक्या अभिरुचीचा' म्हणून जादा कर लावला होता. ब्रेनानं त्यात पॉप मिसळलं, हसरा चेहरा आणि तोकडे कपडे आणले, आणि तेच संगीत स्टेडियममध्ये नेलं. १९९० साली सोफियाच्या स्टेडियममध्ये ती हेलिकॉप्टरनं उतरली होती. बल्गेरियातसुद्धा तिचं एवढं वेड!

माझी तक्रार पुढची आहे. १९९८ मध्ये तिनं 'स्लात्की ग्रेह'च्या साशा पोपोविचबरोबर 'ग्रँड' ही संगीत कंपनी काढली आणि सर्बियाच्या टीव्ही पिंक वाहिनीवरून एकाच साच्यातले गायक दर आठवड्याला घराघरांत ओतले. लोकसंगीताचं त्यात काही उरलं नाही. फोटोपेक्षा मला हे जास्त बोचतं.

कृष्णाकाठ
ग्रँडबद्दल शंभर टक्के सहमत. बाकी मत कायम.

माळरान
ग्रँडचा बचाव मीही करणार नाही.

आमच्या पॅकिंगला ब्रच्कोच्या एक बाई आहेत. कृष्णाकाठ यांचा प्रश्न डोक्यात होता, म्हणून आज रेडिओवर ब्रेना लागली तेव्हा मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं. त्या खोक्यांना चिकटपट्टी लावत राहिल्या, ओठ मिटलेले. वर 'सगळ्यांचे' लिहिलंय, ते चुकलं माझं. उद्या जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलावर बसून बघतो.