अल्पाका म्होरकी पाहिली की बुजते, तोंडाजवळ हातही नेऊ देत नाही. मदत हवी आहे

आमच्याकडे तीन अल्पाका माद्या आहेत. दोघी म्होरकी (हॉल्टर) घालून शांतपणे बरोबर चालतात. तिसरी कापशी, चार वर्षांची, गेल्या वर्षी दुसऱ्या कळपातून आली. म्होरकी नुसती हातात दिसली तरी तिचे कान मागे जातात, बारीक हुंकार सुरू होतो आणि ती कुंपणाच्या पार टोकाला जाऊन उभी राहते. एरवी ती अशी नाही. बादली घेऊन गेलं की दोन हातांवर येते, पाठीवर हात ठेवला तरी चालतो.

आम्ही केलं ते असं: दोघांनी मिळून तिला कोपऱ्यात घेतलं, एकाने मान घट्ट धरली, मी म्होरकी चढवली. चार पावलं नीट चालली असेल. मग डोकं झटकायला लागली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि शेवटी बसकणच मारली. तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. मी घाबरून लगेच म्होरकी काढली. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्याला तीन आठवडे झाले, आणि आता ती माझ्या हाताकडेही संशयाने बघते.

नखं वाढली आहेत, पुढच्या महिन्यात लोकर कातरायची आहे. तिचा विश्वास परत कसा मिळवू?

प्रतिसाद

तोंड उघडून श्वास घेत होती हे वाचून आधी म्होरकीच तपासा असं सांगावंसं वाटतं. अल्पाका मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. त्यांचं नाकाचं हाड आखूड असतं, पुढचा भाग नुसता कूर्चेचा, दाबला की आत जाणारा. म्होरकीचा नाकावरचा पट्टा त्या मऊ भागावर घसरला तर जनावराचा श्वास कोंडतो. चार पावलं नीट चालून मग उसळणं हे पट्टा घसरल्यासारखंच वाटतं. याला हट्टीपणा म्हणू नका, तिला खरोखरच गुदमरल्यासारखं झालं असणार.

नाकावरून बोट हलकेच पुढे न्या, हाड कुठे संपतं ते कळेल. पट्टा त्याच्या बराच वर, डोळ्यांच्या जवळ बसला पाहिजे. कानांमागचा पट्टा आधी नीट आवळा, कारण तो सैल राहिला की सगळी म्होरकी पुढे येते. नाकाचा पट्टा मात्र रवंथ करताना जबडा मोकळा हलेल इतका सैल हवा. घातल्यावर तो नाकाच्या शेंड्याकडे हलकेच ओढून बघा. हाडावरून खाली आला तर ती म्होरकी तिची नव्हे.

धागाकर्ती

आत्ताच बघून आले. तिघींना एकच म्होरकी वापरत होतो. कापशीचं तोंड दोघींपेक्षा आखूड आहे, आणि नाकाच्या पट्ट्याला बकलच नाही, तो कमी-जास्त होत नाही. म्हणजे चूक आमची होती. फार वाईट वाटतंय. नवी म्होरकी मागवते. पण आता तिच्या मनात बसलेल्या भीतीचं काय करू?

प्रतिसाद

म्होरकी काही दिवस तशीच राहू द्या अंगावर, सवय होईल. आमच्या एका नराला अशीच झाली.

प्रतिसाद

कृपया असं करू नका. लक्ष नसताना घातलेली म्होरकी कुंपणात किंवा गव्हाणीत अडकते, आणि जनावर हिसके देऊन मान दुखावून घेतं. वाढत्या पिल्लांच्या तर तोंडात रुतते. काम झालं की काढायची, हाच नियम ठेवा.

भीतीबद्दल: अल्पाका हा शिकार होणारा प्राणी आहे. कोपऱ्यात घेऊन मान आवळली की त्याला एकच अर्थ कळतो. साधारण तीन बाय तीन मीटरचं छोटं कुंपण करा, आणि तिची एखादी मैत्रीण तिच्यासोबत आत ठेवा. एकटं पाडलं तर ती शिकणार नाही, फक्त सोबतीण शोधत राहील. तुम्ही समोरून जाऊ नका, अगदी मागूनही नको. खांद्याच्या बाजूला, तिच्याच दिशेला तोंड करून उभ्या राहा. मान धरण्याऐवजी हाताचा आधार द्या, तिला तोल सापडला की अर्धी धडपड थांबते.

म्होरकी लगेच घालू नका. आधी ती हातात असताना खाणं द्यायचं. मग मानेला, गालाला हलकेच स्पर्श, आणि ती शांत उभी राहिली की हात काढून घ्यायचा. हे काढून घेणं फार महत्त्वाचं. ती मान झटकत असताना काढलंत तर झटकल्यावर सुटका होते असंच ती शिकेल. म्हणून सुरुवातीचा स्पर्श इतका छोटा ठेवा की झटकायची वेळच येऊ नये. पुढे नाकाचा पट्टा पूर्ण मोकळा करून समोर धरा आणि तिला स्वतः नाक आत घालू द्या. पेलेट (खाद्याच्या छोट्या गोळ्या) हातात थोडेच ठेवा, घाईने गिळले तर घशात अडकतात. पाच-दहा मिनिटं झाली की थांबा.

प्रतिसाद

एक राहून जायला नको: खालच्या जबड्यावरून बाहेरून हात फिरवून दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघा. अल्पाकांमध्ये दाढेच्या मुळाशी गळू होणं बरंच आढळतं. गाठ लागली, चारा तोंडातून पडत असेल किंवा वजन उतरलं असेल तर आधी पशुवैद्य. दुखऱ्या तोंडावर कितीही मायेने पट्टा चढवला तरी ती नाहीच म्हणणार.

आणि लोकर कातरायला म्होरकी लागतेच असं नाही, नखंही त्या छोट्या कुंपणात दोघांनी मिळून कापता येतात. तारखेमागे धावून तिला घाई करू नका.

धागाकर्ती (पाच आठवड्यांनी)

जबडा ठीक निघाला. लोकर म्होरकीशिवाय कातरली, सोबतीण शेजारीच होती. नवी म्होरकी पहिले दहा-बारा दिवस मी नुसती खांद्यावर टाकून वावरत होते. मग एका सकाळी कापशीने स्वतःहून पट्ट्यात नाक घातलं आणि तसंच ठेवून पेलेट खाल्ले. मला रडू आलं. आता म्होरकी घालून कुंपणातल्या कुंपणात फिरते, दोर सैल, पट्टा डोळ्यांजवळ पक्का.

फक्त कानामागचं बकल लावताना ‘टक’ आवाज झाला की अजून दचकते. त्यावर काही उपाय?

प्रतिसाद

ती खात असताना चार हातांवरून तेच बकल वाजवत जा, रोज थोडं जवळ येत. कान मागे गेले की त्या दिवशी तिथेच थांबायचं. तोवर बकल कानामागे न आणता आधी गालाजवळच अडकवता येणारी म्होरकी मिळाली तर बघा.