पॉकेट होलने चपलांचा रॅक: स्क्रू कोणते?

नवा_रंधा (सोलापूर): पाइनच्या १९ मिमी फळ्या, २५ सेमी रुंद. दोन बाजू, तीन कप्पे. जोड पॉकेट होलचे, म्हणजे फळीत तिरकं छिद्र पाडून त्यातून स्क्रू. घरात ३८ मिमीचे साधे स्क्रू पडून आहेत, ते चालतील का?

फळीकाम: नाही हो. टोक पलीकडून बाहेर येईल. १९ मिमीला ३२ मिमीचेच घ्या. जिग (तिरकं छिद्र पाडायचा साचा) आणि बिटची कॉलर (छिद्राची खोली ठरवणारी कडी), दोन्ही १९ वर. पाइनला जाड आट्यांचे स्क्रू, सागवानाला बारीक आट्यांचे. साध्या स्क्रूचं निमुळतं डोकं पाचरीसारखं घुसून फळी चिरतं. डोकं खालून सपाट हवं. कप्प्याच्या प्रत्येक टोकाला तीन, म्हणजे एकूण १८. दोन-चार जास्तीचे आणा.

काटकोन_७: छिद्रं कप्प्याच्या खालच्या अंगाला पाडा, दिसत नाहीत. बाजूच्या फळीत पाडून कप्प्याच्या टोकात स्क्रू घातलात तर पकड ढिली, कारण तिथं तो लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच शिरतो. स्क्रू साधारण १५ अंशांत तिरका जातो, त्यामुळे आवळताना कप्पा सरकतो. क्लॅम्प लावल्याशिवाय ड्रिलला हात लावू नका. ड्रिलचा क्लच (पिळाचा जोर ठरवणारी कडी) कमीवर ठेवा, शेवटचा पीळ हातानं. पाइनमध्ये आटे लगेच फिरतात.

नवा_रंधा: फेविकॉल लागेल?

फळीकाम: लावा, पण टोकाची बाजू गोंद पिते, आधी पातळ हात, मग दुसरा. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओलसर पाइन आकसतो, वाकतोही. फळ्या आठवडाभर घरात, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा.